शेवटचा अर्धा तास

३० जून १९७१ची पहाट. कझाकस्तानच्या माळरानावर सोयूझ-११ या सोव्हिएत यानाची कुपी, म्हणजे माणसं बसतात तो भाग, उतरली, अगदी पुस्तकात लिहावं तशी. पॅराशूट वेळेवर उघडलं, जमीन हातभर राहिली असताना ब्रेकची छोटी रॉकेट्स पेटली आणि कुपी गवतात टेकली. मागोमाग हेलिकॉप्टर उतरलं. आत तिघं होते: दोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह आणि पात्सायेव. सल्यूत-१ या जगातल्या पहिल्या अंतराळस्थानकावर राहून, एकूण तेवीस दिवसांचा तेव्हाचा विक्रम करून ते परतत होते. पथकातल्या माणसांनी बाहेरून टकटक केलं. आतून उत्तर नाही. झाकण उघडलं, तर तिघंही जागच्या जागी, अंगात अजून ऊब. त्यांना बाहेर काढून कृत्रिम श्वास दिला, छाती दाबून पाहिली. काही उपयोग झाला नाही.

यानाला ओरखडासुद्धा नव्हता. एक छोटी झडप चुकीच्या वेळी उघडली होती, एवढंच. तिच्याकडे पुढे येऊच.

अंतराळातला धोका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळोख येतो, उल्का येतात, दोर तुटून दूर वाहत जाणारा माणूस येतो. हिशेब मात्र वेगळंच सांगतो. आजवर सहाशेहून जास्त माणसं अंतराळात जाऊन आली. अंतराळयानात बसून निघालेल्यांपैकी १८ जण प्रवासात गेले. त्यातले सात जण चॅलेंजर या अमेरिकन स्पेस शटलचे, चढताना गेले. उरलेले अकराच्या अकरा उतरताना. अमेरिकेचं एक्स-१५ हे रॉकेटवर चालणारं विमान जमेस धरलं तर मायकेल ॲडम्स हा एकोणिसावा, आणि १९६७ मध्ये ८१ किलोमीटर उंची गाठून तोही खाली येतानाच गेला. कक्षेत मुक्कामाला असताना आजवर एकही माणूस दगावलेला नाही.

म्हणून अंतराळप्रवासाचा इतिहास सांगायचा तर मला तो खालच्या टोकाकडून सांगावासा वाटतो. वर कोण कधी गेलं ते सगळ्यांना पाठ असतं. खाली कसे आले, ते फारसं कुणी विचारत नाही.

अडचण उंचीची नाही, वेगाची

आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे. मुंबई-कोल्हापूर रस्ता उचलून उभा केला तर जवळपास तिथे टेकेल. म्हणजे फार लांब नाही. पण तिथे नुसतं पोचून भागत नाही, टिकावं लागतं. आणि टिकायचं तर इतकं जोरात आडवं धावावं लागतं, की आपण खाली पडत असतानाच पृथ्वीची गोलाई आपल्याखालून तेवढीच वळत जाईल. हा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त आहे. त्या वेगाने मुंबईहून पुणं वीस सेकंदांत येतं.

उतरायचं म्हणजे हा सगळा वेग कुठेतरी टाकायचा. किती असतो तो? त्या वेगाने धावणाऱ्या प्रत्येक किलोत साधारण एक लिटर पेट्रोल जाळल्याएवढी ऊर्जा साठलेली असते. सोयूझची परतणारी कुपी तीन टनांच्या आसपास असते. म्हणजे पंपावर रिकामा होणारा बारा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा, त्याचा चौथा हिस्सा काही मिनिटांत पेटवायचा आणि त्याच्या शेजारी तीन माणसं जिवंत ठेवायची.

मग उलटी रॉकेट्स लावून वेग का मारत नाहीत? कारण चढायला जेवढा जोर लागला, जवळपास तेवढाच थांबायलाही लागेल. सात टनांचं सोयूझ वर न्यायला तीनशे टनांचं रॉकेट लागतं. थांबण्यासाठी तसलंच आणखी एक वर न्यायचं, तर त्या रॉकेटला वर न्यायला किती मोठं रॉकेट लागेल, याचा विचारच सोडलेला बरा. प्रत्यक्षात परतताना इंजिन चार-पाच मिनिटं चालवून वेग जेमतेम दीड टक्का कमी करतात. तेवढ्याने वाट वाकते आणि खालची बाजू हवेत घुसते. बाकीचं सगळं काम हवेवर सोपवलेलं असतं. फुकटचा ब्रेक आहे, पण तापणारा.

हवेशी घासून यान तापतं, असं शाळेत सांगतात. ते अर्धवट खरं आहे. सायकलमध्ये हवा भरून झाल्यावर पंपाच्या खालच्या टोकाला हात लावलात तर चटका बसतो. तिथे घासण्यापेक्षा दाबण्याचा वाटा मोठा असतो. हवा एकदम दाबली की तापते. यानापुढच्या हवेला बाजूला सरकायला वेळच मिळत नाही. ती दाबली जाते, हजारो अंशांना पोचते, तिचे अणू फुटून झगझगीत प्लाझ्मा होतो. त्या आवरणातून रेडिओही आरपार जात नाही, म्हणून परतीच्या वाटेवर काही मिनिटं संपर्क तुटतो. अपोलो-१३ परतताना ही शांतता अपेक्षेपेक्षा जवळजवळ दीड मिनिट लांबली होती. खाली बसलेल्यांना तेवढं दीड मिनिट किती लांब वाटलं असेल!

इथे एक गंमत आहे. सुरुवातीला सगळ्यांना वाटायचं, की वेगाने हवेत शिरायचं तर टोक सुईसारखं हवं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ज्युलियन ॲलन या शास्त्रज्ञाने नेमकं उलट दाखवलं. टोक बोथट ठेवा, मडक्याच्या बुडासारखं. बोथट बूड हवेची गादी आपल्यापुढे ढकलत नेतं, तापलेली लाट अंगाला न चिकटता थोडी पुढे उभी राहते, आणि बहुतेक उष्णता बाजूने निघून जाते. म्हणून सगळ्या कुप्या अशा बसक्या दिसतात. सुंदर नाहीत, पण वाचवतात.

तरीही जी उष्णता पोचते तिच्यासाठी बुडाला राळेचं जाड कवच असतं. ते मुद्दामच जळतं, कोळसा होतं, झिजतं, आणि जाताना उष्णता सोबत घेऊन जातं. माठातलं पाणी असंच गार होतं: पाझरून उडून जाणारं पाणी मागे उरलेल्याची उष्णता नेतं. इथे पाण्याऐवजी कवच उडून जातं, एवढाच फरक.

राहिला कोन. तळ्यात चपटी खापरी तिरकी फेकली की ती टप्पे घेत पळते. सरळ मारली की डुबुक. यानाचं तसंच. फार तिरकं आलं तर हवेवरून उसळून पुन्हा बाहेर जाऊ शकतं, फार उभं आलं तर ब्रेक इतका करकचून लागतो की आतला माणूस चिरडतो. चंद्रावरून सेकंदाला अकरा किलोमीटर वेगाने परतणाऱ्या अपोलोला मिळणारी फट जेमतेम दोन अंशांची होती.

तेच न सुटणारं शेपूट

३ नोव्हेंबर १९५७ ला लायका कुत्री वर गेली तेव्हा तिला परत आणायची सोयच नव्हती. विसरले नव्हते, कसं आणायचं तेच माहीत नव्हतं. कक्षेतून जिवंत परतलेल्या पहिल्या कुत्र्या बेल्का आणि स्त्रेल्का, ऑगस्ट १९६० मध्ये. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत माणूस पाठवला. घाई केवढी होती ते यावरून कळावं.

१२ एप्रिल १९६१. युरी गागारिन १०८ मिनिटांत पृथ्वीची फेरी मारून आला, एवढं आपण वाचलेलं असतं. उतरतीची गोष्ट क्वचितच सांगितली जाते. त्याच्या व्होस्टोक यानाचे दोन भाग होते: माणूस बसलेला गोळा आणि मागचा इंजिनांचा भाग. हवेत शिरण्याआधी मागचा भाग सुटायला हवा होता. सुटला, पण तारांचा एक जुडगा तुटला नाही. शेपटीला डबा बांधलेल्या कुत्र्यासारखं यान गरगर फिरत खाली येऊ लागलं. शेवटी त्या आगीतच तारा जळाल्या आणि गोळा मोकळा झाला. पुढे सात किलोमीटर उंचीवर गागारिन खुर्चीसकट बाहेर फेकला गेला आणि स्वतःच्या पॅराशूटने सारातोव्ह भागातल्या शेतात उतरला. ठरलं होतं तसंच. कारण गोळा जमिनीवर इतका दणकून आपटायचा की आत राहण्यात अर्थ नव्हता. विश्वविक्रमाच्या नियमात मात्र वैमानिक यानासकट उतरायला हवा होता. सोव्हिएत सरकारने ही गोष्ट कित्येक वर्षं दडवून ठेवली.

न सुटणारं शेपूट नंतर पुन्हा आलं. जानेवारी १९६९ मध्ये सोयूझ-५ मधून बोरिस व्होलिनोव्ह एकटा परतत होता. मागचा भाग सुटेना. त्या ओझ्याने यान उलटं फिरलं आणि जाड कवचाऐवजी पातळ झाकणाची बाजू पुढे करून आगीत शिरलं. झाकणाचं रबर जळू लागलं, कुपीत धूर झाला. अखेर जोड वितळून तुटले, कुपी आपोआप सुलटी झाली. मग पॅराशूटच्या दोऱ्या गुंतल्या आणि ती इतकी जोरात आदळली की व्होलिनोव्हचे दात तुटले. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. तो बर्फातून चालत एका शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोचला.

हे जुन्या जमान्यातलं म्हणून सोडून देता आलं असतं. पण एप्रिल २००८ मध्ये सोयूझ टीएमए-११ परतताना तेच झालं. मागचा भाग नीट सुटला नाही, कुपी ठरल्या वाटेऐवजी धोंड्यासारखी सरळ खाली आली, आतल्या तिघांना आठपट वजन सोसावं लागलं आणि ती ठरलेल्या जागेपासून सव्वाचारशे किलोमीटरहून लांब उतरली. म्हणजे गागारिनचं दुखणं सत्तेचाळीस वर्षांनी पुन्हा उपटलं. तिघं वाचले, कारण सोयूझ मुळात ठोकळा आहे: काहीच चालेनासं झालं तरी बूड खाली करून पडायचं, एवढं त्याला जमतं.

भलतीकडे उतरण्यावरून आठवलं. मार्च १९६५ मध्ये अलेक्सेई लिओनोव्हने जगातला पहिला स्पेसवॉक केला. बाहेर त्याचा सूट फुग्यासारखा टम्म फुगला आणि आत शिरता येईना, म्हणून त्याने सूटमधली हवा थोडी सोडून दिली. ती गोष्ट प्रसिद्ध आहे. परतताना आपोआप चालणारी यंत्रणा बिघडली, त्याने आणि सोबतच्या पावेल बेल्यायेवने यान हाताने उतरवलं आणि ते उरल पर्वताच्या बर्फाळ जंगलात पडलं. लांडगे-अस्वलांच्या मुलखात दोन रात्री काढाव्या लागल्या. पुढे सोव्हिएत अंतराळवीरांच्या सामानात तीन नळ्यांचं एक खास पिस्तूल आलं, त्यामागे लिओनोव्हचा आग्रह होता. अंतराळातून परत येताना बंदूक कशाला, असं विचारणाऱ्याने तो जंगलाचा नकाशा बघावा.

झडप, दोरी, दार

सगळेच इतके नशीबवान नव्हते. २३ एप्रिल १९६७ ला व्लादिमीर कोमारोव्ह सोयूझ-१ घेऊन निघाला. यान कच्चं होतं. वर जाताच सौरऊर्जेचा एक पंख उघडला नाही आणि मोहीम आवरती घ्यावी लागली. कोमारोव्हने ते लंगडं यान स्वतःच्या हाताने दिशा देऊन वातावरणातून सुखरूप आणलं. सगळ्यात अवघड काम झालं होतं. मग छोटं पॅराशूट उघडलं, पण त्याला मोठं पॅराशूट पेटीतून ओढून काढता आलं नाही. राखीव सुटलं ते छोट्याच्या दोऱ्यांत गुंतलं. कुपी ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने जमिनीत घुसली. मोहिमेवर जाऊन प्राण गमावलेला तो पहिला माणूस. त्याच्या जागी राखीव म्हणून उभा होता तो गागारिन.

आता सोयूझ-११ची झडप. कुपी जमिनीपासून चार-पाच किलोमीटरवर आली की बाहेरची ताजी हवा आत घ्यावी, यासाठी ती होती. यानाचे भाग वेगळे करणारे स्फोटक बोल्ट एकामागून एक उडायचे, ते एकदम उडाले. त्या हिसक्याने ती १६८ किलोमीटरवर उघडली. तिथे बाहेर हवा कुठली? आतली हवाच निघून जाऊ लागली. झडप हाताने बंद करायची सोय होती, पण ती खुर्च्यांच्या आडोशाला, आणि पुरती बंद करायला मिनिटभर लागणारी. हवा गेल्यावर माणसाची शुद्ध दहा-पंधरा सेकंदांत हरपते. १०० किलोमीटरच्या वर, म्हणजे खऱ्या अर्थाने अंतराळात मरण पावलेली माणसं आजवर हीच तीन.

अंगात हवाबंद सूट असते तर तिघं वाचले असते. सूट नव्हते, कारण सूट घालून तिघं आत मावत नव्हते. त्यानंतर रशियनांनी एक खुर्ची काढून टाकली आणि पुढची कित्येक वर्षं दोघांनाच सूट घालून पाठवलं. सुधारलेल्या सोयूझ-टीमध्ये १९८० पासून सूट घातलेले तिघं बसू लागले. त्याच टी जातीच्या यानातल्या तिसऱ्या खुर्चीवर ३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा बसले.

त्यांच्या शेजारी कोण होतं ते बघण्यासारखं आहे. गेन्नादी स्त्रेकालोव्ह. सहा महिन्यांपूर्वी, २६ सप्टेंबर १९८३ ला, कझाकस्तानातल्या बायकोनूर उड्डाणतळावर हाच माणूस व्लादिमीर तितोव्हबरोबर रॉकेटच्या टोकावर बसला होता. उड्डाणाला दीड मिनिट उरलं असताना एक झडप बंद झाली नाही (पुन्हा झडपच), इंधन सांडलं आणि खाली आग लागली. सुटकेची यंत्रणा चालवणाऱ्या तारा आगीत जळाल्या. नियंत्रण कक्षातून दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी बसून बटणं दाबली, तेव्हा कुपीवरच्या सुटकेच्या रॉकेटने तिला ओढून वर नेलं. पुढच्या काही सेकंदांत मुख्य रॉकेट कोसळून फुटलं. दोघं चार किलोमीटरवर पॅराशूटने उतरले. आणि सहा महिन्यांनी स्त्रेकालोव्ह शर्मांसोबत त्याच बायकोनूरहून निघाला. आपल्याकडे त्या दिवसाच्या आठवणी निघतात तेव्हा हा शेजारी सहसा कुणाला आठवत नाही.

जमिनीवरच्या अपघातांबद्दल थोडक्यात सांगतो. २७ जानेवारी १९६७ ला अपोलो-१चे ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी उड्डाणाच्या नव्हे, तालमीच्या दिवशी गेले. कुपीत शुद्ध ऑक्सिजन भरलेला, तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाने. एक ठिणगी पुरली. दार आत उघडणारं होतं, आणि आगीने वाढलेल्या दाबाने तेच दार घट्ट बसलं. पुढच्या अपोलोंची दारं बाहेर उघडणारी झाली.

‘मागच्या वेळी काही झालं नव्हतं’

अमेरिकन स्पेस शटल वेगळ्या जातीचं. रॉकेटसारखं जायचं, विमानासारखं उतरायचं. उतरताना इंजिन बंद, म्हणजे एकच संधी. १३५ उड्डाणं झाली, त्यातली दोन गेली. दोन्ही वेळा बिघाडाची ओळख आधीपासून होती, हे मला सगळ्यात अस्वस्थ करतं.

चॅलेंजरच्या बूस्टरचे, म्हणजे चढताना जोर देणाऱ्या बाजूच्या रॉकेटचे, तुकडे जोडताना सांध्यांत रबराच्या चकत्या बसवत. आधीच्या काही उड्डाणांत त्या चकत्या जळालेल्या सापडल्या होत्या. २८ जानेवारी १९८६च्या आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते फोनवर सांगत होते, की इतक्या थंडीत रबर ताठरतं, उद्या सोडू नका. सोडलं. सकाळी तापमान दोन अंशांच्या आसपास होतं. ७३ सेकंदांत सगळं संपलं. पुढे चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रबराचा तुकडा चापात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि तो पूर्ववत होत नाही हे सगळ्यांसमोर दाखवलं. त्यांनी आणखीही एक गोष्ट टिपली होती: शटल बुडण्याची शक्यता व्यवस्थापक लाखात एक मानत, अभियंते शंभरात एक.

सतरा वर्षांनी कोलंबिया. १६ जानेवारी २००३ ला उड्डाणानंतर ८२ सेकंदांच्या सुमारास बाहेरच्या टाकीवरच्या फेसाचा, आपल्या थर्माकोलसारख्या हलक्या पदार्थाचा, एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. वजन पाऊण किलो. कॅमेऱ्यात दिसलं होतं. पण फेस तर दर वेळी थोडाफार सुटायचाच. ऑक्टोबर २००२ च्या उड्डाणातही त्याच जागेचा तुकडा सुटून बूस्टरवर आदळला होता, आणि यान व्यवस्थित परत आलं होतं. त्यामुळे फेस आदळणं हा ‘उड्डाणाचा धोका’ न राहता ‘दुरुस्तीचं काम’ झालं. उपग्रहांच्या कॅमेऱ्यांनी पंखाचे फोटो घ्या, अशी मागणी अभियंत्यांकडून तीन वेळा झाली. तिन्ही वेळा ती बारगळली.

सोळा दिवस कल्पना चावला आणि तिचे सहा साथीदार वर प्रयोग करत होते, पंखाला भोक घेऊन. वर त्या भोकाने काहीही बिघडत नव्हतं. तिथे हवाच नाही. ते भोक फक्त परतीच्या वाटेवर जीवघेणं होतं. १ फेब्रुवारीला, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजत असताना, त्यातून तापलेली हवा पंखात शिरली आणि आतला ॲल्युमिनियमचा सांगाडा वितळू लागला. टेक्सासच्या आकाशात यानाचे तुकडे झाले. उतरायला सोळा मिनिटं उरली होती.

एवढासा फेस एवढं काय करणार, असं तेव्हाही काही जाणकार म्हणत होते. म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये टेक्सासमधल्या एका प्रयोगशाळेत पंखाच्या कडेचा खरा भाग उभा करून त्यावर ताशी ८०० किलोमीटरहून जास्त वेगाने तसाच फेस झाडला. सुमारे चाळीस सेंटीमीटरचं भगदाड पडलं. डोकं आत जाईल एवढं.

आपण रोज हेच करतो. ब्रेक जरा कमी लागतो, पण कालही गाडी आलीच की घरी. वाचलो, याचा अर्थ सुरक्षित होतो असा आपण लावतो. घाटात ते एकदा अंगाशी येतं. शटलच्या बाबतीत दोनदा आलं.

किरणोत्सर्ग, झिजणारी हाडं, डोळ्यांवरचा परिणाम हे धोके खोटे नाहीत. वजनरहित अवस्थेत हाडं महिन्याला एक ते दीड टक्का विरळ होतात, म्हणून तिथे रोज दोन-अडीच तास व्यायाम करावा लागतो. मंगळाची वाट धरली तर हेच धोके पुढे येतील. २०१३ मध्ये इटलीच्या लुका पार्मितानोच्या हेल्मेटमध्ये स्पेसवॉक चालू असताना पाणी साचलं आणि नाकातोंडावर पसरू लागलं. अंतराळात माणूस बुडता बुडता वाचला. पण हे सगळं पृथ्वीजवळ असताना आवरता येतं, कारण तिथे थांबून विचार करायला वेळ असतो. परतीच्या अर्ध्या तासात तो नसतो.

रिकामं यान

जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर बोइंगच्या स्टारलायनर यानातून साधारण आठवडाभरासाठी गेले. वाटेत हेलियम गळू लागला, दिशा देणारे काही थ्रस्टर बंद पडले. जमिनीवर महिनाभराहून जास्त चाचण्या आणि वाद झाले. शेवटी नासाने ठरवलं: यान रिकामं परत आणा, माणसं दुसऱ्याने येतील. सप्टेंबरमध्ये स्टारलायनर वाळवंटात सुरेख उतरलं. विल्यम्स आणि विल्मोर मार्च २०२५ मध्ये, २८६ दिवसांनी, दुसऱ्या यानातून आले.

तेव्हा आपल्याकडच्या चॅनलांवर ‘अडकली, अडकली’ चाललं होतं. ‘यान तर नीट उतरलं, मग यांना उगाच ठेवलं’ असंही पुष्कळ जण म्हणाले. पण फेसाच्या वेळचा युक्तिवाद नेमका हाच होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये चीननेही तसंच केलं: शेनझोउ-२० च्या खिडकीला बारीक तडे दिसले, तेव्हा तिघांना दुसऱ्या यानातून खाली आणलं.

गगनयानाची तयारी बघतानाही मला रॉकेटपेक्षा परतीच्या चाचण्या मोजाव्याशा वाटतात. जानेवारी २००७ मध्ये इस्रोने ५५० किलोची कुपी बारा दिवस कक्षेत फिरवून बंगालच्या उपसागरात उतरवली. डिसेंबर २०१४ मध्ये माणसांच्या कुपीचं रिकामं कवच १२६ किलोमीटरवरून सोडून पाहिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये हेलिकॉप्टरमधून कुपी टाकून पॅराशूट तपासली. एका कुपीला दहा पॅराशूट: दोन वरचं झाकण उडवायला, दोन वेग मारायला, तीन मोठ्यांना ओढून काढायला, तीन मोठी. त्या तिनातली दोन उघडली तरी भागतं. कोमारोव्हची पेटी आठवते.

आणि २१ ऑक्टोबर २०२३ची श्रीहरिकोट्याची चाचणी. उड्डाण पाच सेकंद आधी थांबलं, दोष शोधून पुन्हा सोडलं, सुटकेच्या रॉकेटने कुपी बरोबर ओढून काढली, पॅराशूट उघडली, कुपी समुद्रात पडली. नौदलाचे पाणबुडे जवळ गेले तेव्हा ती उलटी तरंगत होती, बूड आकाशाकडे. चाचणी सफल झाली होती. उलटी कुपी सुलटी करणारे फुगे त्या कुपीत नव्हते, माणसांच्या कुपीत असणार आहेत. २४ जुलै १९६९ ला चंद्रावरून परतलेल्या आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्सची कुपीही पॅसिफिकमध्ये पडताच उलटली होती. फुगे फुगून ती सुलटी होईपर्यंत ते तिघं कितीतरी मिनिटं पट्ट्यांना लटकून होते, डोकं खाली, पाय वर.